पेत्राचं पत्र आणि माझी पोत

जळगाव,
१२ जानेवारी २०२५

प्रिय शेवंताबाई,

तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना माझा सलाम.

परवा फोनवर आपण दोघी एकदमच बोललो आणि एकदमच फोन ठेवला. आधी कोणी ठेवला हा वाद आता नको. तुमचा नीलेश म्हणतो त्याच्या आईने ठेवला, माझी रिबेका म्हणते तिच्या आईने. दोघंही आपापल्या आईला दोष देतात, म्हणजे यांचा संसार नीट होणार असं दिसतंय.

आता पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मी जन्मभर पोस्टात नोकरी केली. लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले, स्वतः मात्र कोणाला चार ओळी लिहिल्या नाहीत. आणि फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर तो चढत नाही, आणि चढला तरी तुम्हाला ऐकू येत नाही.

तर मुद्द्याचं बोलते. दहा मे रोजी आपल्या मुलांचं लग्न आमच्या जळगावच्या चर्चमध्ये आहे. आमच्याकडे लग्नात नवरदेव नवरीच्या गळ्यात पोत बांधतो. काळे मणी आणि खाली वाट्यांच्या जागी सोन्याचा क्रूस. माझ्या आजीपासून हे असंच चालत आलंय. तुम्ही म्हणता, तुमच्या मंडळीत बायका अंगावर दागिना घालत नाहीत. पोत बांधली तर तुमचे पास्टर वना प्रार्थनेला येणार नाहीत आणि मंडळीतलं कोणी पंगतीला बसणार नाही. हे ऐकून माझ्या तोंडातून जे निघालं ते तुम्ही ऐकलंच.

मी नवी पोत करत नाहीये. माझ्या गळ्यातली पोतच रिबेकाला घालायची हे मी कधीचं ठरवलंय. सराफ बाजारातल्या सुगनचंदजींकडून ती उजळूनही आणली. त्यामुळे आता ‘राहू दे’ म्हणणं मला जमणार नाही.

मला एवढंच सांगा, पोत बांधू नये असं शास्त्रात लिहिलंय कुठे?

तुमची (होऊ घातलेली) विहीण,
ज्योत्स्ना


धुळे,
१९ जानेवारी २०२५

प्रिय ज्योत्स्नाबाई,

प्रभूच्या नावाने तुम्हालाही सलाम.

तुमचं पत्र मिळालं. मी आश्रमशाळेत मुख्याध्यापिका होते, त्यामुळे हाती कागद आला की लाल पेन शोधते. तुमच्या अक्षराला मात्र पूर्ण गुण.

कुठे लिहिलंय ते सांगते. पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय तिसरा. बाईची शोभा सोन्यानाण्यात नसावी, आतल्या शांत मनात असावी, असं तो म्हणतो. पौलही तीमथ्याला तेच लिहितो. सोनं नको, मोती नको. मला यात कोडं काही दिसत नाही. आम्ही साधी माणसं, लिहिलंय तसं करतो. तुमच्या जुन्या चर्चमध्ये पेटी वाजते, पाळकसाहेब झगा घालतात, आणि ‘त्या काळी असं होतं’ म्हणून तुम्ही निम्म्या गोष्टी बाजूला ठेवता. आम्हाला तेवढं शिक्षण नाही.

आमची मंडळी म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. पत्र्याचा एक हॉल. येणारी बहुतेक माणसं शिरपूरच्या वरच्या डोंगरातून कामासाठी धुळ्यात आलेली, माझ्यासारखी पावरा. रविवारी अडीच-तीन तास उपासना. तिथल्या महिला संगतीची मी प्रमुख. कोणी नवी बाई आली की अंगावरचं उतरवून ठेवायला मीच तिला समजावते. आता माझ्याच सुनेच्या गळ्यात माझ्याच मुलाने सोनं बांधलं, तर पुढच्या रविवारी मी त्या बायकांपुढे कोणत्या तोंडाने उभी राहू? ते पद मला सोडावं लागेल. पदाचं काही नाही, पण त्या बायका माझं ऐकून चालल्यात.

रिबेका मला फार आवडते. हे लिहायचं राहू नये म्हणून लिहिते.

शेवंता पावरा


जळगाव,
२७ जानेवारी २०२५

प्रिय शेवंताबाई,

मी पेत्राचा तो अध्याय काढून वाचला. चष्मा पुसून परत वाचला. बाई, तुम्ही अर्धंच सांगितलंत! सोन्याच्या आधी पेत्र वेण्यांचं नाव घेतो. केस गुंफणंसुद्धा नको म्हणतो. साखरपुड्याला तुमची वेणी पाठीवर चांगली कमरेपर्यंत होती, मी स्वतः पाहिली. आणि सोन्याच्या पुढे तो म्हणतो, कपडे घालण्याचीही शोभा नको. आता लिहिलंय तसं करायचं म्हटलं तर तुमच्या मंडळीला फारच अवघड जाईल!

रागावू नका, हसा. मीही लिहिताना हसले.

पण मग दुसरीकडचंही बघा. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचा नोकर इसहाकासाठी मुलगी बघायला जातो, तेव्हा विहिरीवरच मुलीला सोन्याची नथ आणि हातात दोन बांगड्या घालतो. मुलीचं नाव काय? रिबेका! यहेज्केलात तर देव स्वतःच आपल्या लोकांना नवरीसारखं सजवतो, गळ्यात साखळीसुद्धा घालतो. देवाने घातलेली चालते आणि नीलेशने घातलेली चालत नाही, हे कसं?

आणि एक पोस्टातली गोष्ट. पेत्राचं काय, पौलाचं काय, ती आहेत पत्रं. कोणीतरी कोणालातरी पाठवलेली. त्या माणसांनी आधी काय विचारलं होतं, त्यांच्या घरी काय चाललं होतं, ते कागद आपल्याकडे नाहीत. आपल्याला एकाच बाजूची पत्रं मिळाली आणि दुसरी बाजू प्रत्येकजण आपल्या मनाने भरतो. मग एका मंडळीचं दुसरीशी जुळणार कसं?

हे मी सुगनचंदजींना सांगितलं तर ते गल्ल्यावर बसून खो खो हसले. म्हणाले, “बाई, आमच्या जैनांत बघा. भगवान एकच. एका देवळात त्यांना सोन्याची आंगी चढवतात, दुसऱ्यात मूर्तीवर सूतसुद्धा नसतं, आणि आमच्या सासुरवाडीचे लोक मूर्तीच मानत नाहीत. माझं लग्न झालं, तेव्हा तीन महिने हाच वाद चालला होता.” मी विचारलं, मिटला कसा? तर म्हणाले, “मिटला कुठे? जेवायच्या वेळी थांबतो.”

तुमचं जेवण झालं का?

ज्योत्स्ना


धुळे,
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्योत्स्नाबाई,

तुमचं पत्र मी नीलेशच्या बाबांना वाचून दाखवलं. वेणीपाशी ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आता मी वेणी घालायला बसले की ते मुद्दाम खाकरतात. हे तुमचं काम.

वेणीचं मला उत्तर देता येत नाही. यहेज्केलाचंही नाही. पण रानात सोन्याचं वासरू कशाचं केलं होतं? बायकांच्या आणि पोरांच्या कानातल्या सोन्याचंच ना? तेही शास्त्रातच आहे. म्हणजे वचनं तुमच्याकडेही आहेत आणि माझ्याकडेही. आपण दोघी अशा मारत बसलो तर मुलांच्या लग्नात त्यांची मुलंच वाढायला येतील.

म्हणून वचन बाजूला ठेवून आमचं कसं झालं ते सांगते. आमच्या गावात पहिल्यांदा भजन सुरू झालं ते पास्टर वना यांच्या अंगणात. मी तेव्हा परकरी पोर होते. आमच्या बायकांच्या अंगावर चांदी फार, गळ्यात हासली, दंडात, पायात. जिच्या अंगावर जास्त ती पुढे बसायची. जिच्या अंगावर काहीच नाही ती कुडाच्या बाहेर उभी राहून ऐकायची, आत यायला लाजायची. एका रविवारी पेत्राचं ते पत्र वाचलं गेलं. वाचून झाल्यावर माझी आई उठली आणि तिने हासली काढून कमरेला खोचली. कोणी सांगितलं नव्हतं. मग दुसरी उठली. पुढच्या रविवारी कुडाबाहेर कोणीच नव्हतं. पेत्राने ते पत्र कोणाला लिहिलं मला ठाऊक नाही, पण आम्हाला ते आमच्याच पत्त्यावर आल्यासारखं वाटलं.

आता तुम्ही सांगा. तुमचा एवढा हट्ट कशासाठी? लग्नात नातेवाईक बघतील, मुलगी मोकळ्या गळ्याने गेली म्हणतील, एवढ्यासाठीच ना? चारचौघांत दाखवायला?

स्पष्ट विचारलं. राग मानू नका.

शेवंता


जळगाव,
२ मार्च २०२५

शेवंताबाई,

महिनाभर लिहिलं नाही, कारण राग मानला होता. रिबेका म्हणाली, “मम्मी, मला पोत असली तरी चालेल, नसली तरी चालेल, तुम्ही दोघी फक्त बोला.” मला वाटलं तुम्हीच तिला पढवलंय. तीन दिवस तिच्याशीही नीट बोलले नाही. मग तिनेच सांगितलं की तिचं-तुमचं याबद्दल एक अक्षरही बोलणं झालेलं नाही. उगाच संशय घेतला, त्याबद्दल माफ करा.

दाखवायला म्हणालात ना? हो, दाखवायलाच. पण कोणाला, ते ऐका.

रिबेकाचे बाबा गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी घर भरलेलं. माझी नणंद लताबाई एरंडोलहून आली होती. ती उठली, माझ्यासमोर बसली आणि पोत काढायला तिने माझ्या गळ्याकडे हात नेला. मनाने वाईट नव्हती ती. तिला वाटलं असंच करायचं असतं. आपण ख्रिस्ती झालो तरी शेजारपाजारचं सगळं सुटतं थोडंच? मी मान खाली घालून बसले होते. विरोध करायचं सुचलंसुद्धा नाही. तेव्हाचे आमचे म्हातारे पाळकसाहेब कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “लताबाई, शास्त्रात कुठे लिहिलंय ते दाखवा आणि मग काढा.” घरातलं मोठं बायबल आणलं. ही पानं उलट, ती पानं उलट. दिरांनी शोधलं, सासऱ्यांनी शोधलं. नाहीच सापडलं. पोत राहिली.

त्यानंतर मी ती पोत घालून पोस्टात गेले. लोकांनी माझ्या गळ्याकडे बघून डोळे फिरवले. लग्नाकार्यात कुजबुज झाली. मी काढली नाही. नवरा नाही म्हणून मी अर्धी झाले नाही, हे मला रोज सकाळी आरशात दिसायचं. तुमच्या त्याच पेत्राचं वचन मी वाचते, तेव्हा मला असं ऐकू येतं की बाईची किंमत सोन्यात नसेल, तर सोनं ओरबाडून ती कोणाला कमी करता येणार नाही. म्हणून माझी पोत माझ्या लेकीला हवी.

हासली निघाली तेव्हा तुमच्या आयांना मोकळं वाटलं. माझी राहिली तेव्हा मला मोकळं वाटलं. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा.

ज्योत्स्ना


धुळे,
१७ मार्च २०२५

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नीलेशच्या बाबांना वाचून दाखवलं नाही, मला वाचवेना. दाखवायला असं लिहिलं ते चुकलंच माझं.

पण काल काय झालं ते ऐका. काल रविवारी साक्ष देण्याची वेळ आली. आमच्याकडे उपासनेच्या मध्ये पास्टर विचारतात, आठवड्यात प्रभूने कोणासाठी काय केलं? मग ज्याला वाटेल तो उठून सांगतो. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाच्या पोराला दाखला मिळालेला असतो. मी उठले आणि तुमचं पत्र पर्समधून काढून वाचलं. सगळं. माइकवर, मध्ये मध्ये आमच्या बोलीत समजावत. मधल्या त्या पाळकसाहेबांच्या वाक्याला तर हॉलमध्ये “हालेलुया” झालं.

वाचून झालं आणि मागून आमच्या संगतीतली झुलालची आई उठली. ती फार बोलत नाही. तिने आमच्या बोलीत जे सांगितलं ते असं : माझा नवरा गेला तेव्हा त्याला उचलायच्या आधी माझ्या अंगावरची चांदी काढली. काढताना दंडाला खरचटलं. मग मी धुळ्यात पोराकडे आले आणि या मंडळीत आले. इथे कोणाच्याच गळ्यात काही नव्हतं. कोणाचा नवरा आहे, कोणाचा नाही, मला कळेना आणि माझंही कोणाला कळेना. सहा महिने मला कोणी विचारलं नाही. ते सहा महिने मी पोटभर जेवले.

विहीणबाई, मी एवढी वर्षं त्या बायकांना पेत्राचं वचन समजावते आहे. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आमच्यात विधवा कोण आणि सवाशीण कोण, हे ओळखायला काही खूणच नाही. तुम्ही पोत घालून जे मिळवलंत ते आमच्या बायकांना ती न घालून मिळालं.

पास्टर वना शेवटी एवढंच म्हणाले, या बहिणीसाठी प्रार्थना करू या. तुमचं नाव घेऊन सगळ्यांनी मोठ्याने प्रार्थना केली.

तुमची,
शेवंता


जळगाव,
२० मार्च २०२५

शेवंताबाई,

माझं घरचं पत्र तुम्ही माइकवर वाचलंत?

माझ्या नणंदेचं नाव घेऊन? माझ्या दिरांचं, सासऱ्यांचं? पोस्टात एवढी वर्षं काढली, दुसऱ्याचं पोस्टकार्ड उघडं असतं तरी त्यावर नजर जाऊ दिली नाही. आणि माझं बंद पाकीट तुम्ही अख्ख्या हॉलला ऐकवलंत, वर “हालेलुया”! मी हे रिबेकालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

ज्योत्स्ना


धुळे,
२५ मार्च २०२५

प्रिय विहीणबाई,

पहिल्या झटक्यात मी काय उत्तर तयार केलं होतं ते आधी सांगते. पौल कलस्सैकरांना लिहितो की हे पत्र मंडळीत वाचून दाखवा, आणि मग शेजारच्या मंडळीतही वाचायला पाठवा. मी नीलेशला फोन करून विजयाने हे सांगितलं. तो म्हणाला, “आई, पौलाने तसं स्वतः लिहून दिलं होतं. त्यांनी तुला दिलं होतं का?” दीपनगरच्या त्या वीज केंद्रात त्याला काय शिकवतात कोण जाणे, पण बोलतो मुद्द्याचं.

खरंच माफ करा. आमच्याकडे चांगली गोष्ट कळली की ती घरात ठेवायची नाही, मंडळीत मांडायची, अशी सवय लागलीय. ती गोष्ट कोणाची आहे हे विचारायचं मला सुचलंच नाही. शाळेतही पोरांचे चांगले निबंध मी असेच विचारल्याशिवाय वाचायचे. एक पोरगी त्या दिवशी शाळेतून पळून गेली होती, तरी मी सुधारले नाही.

एक विनंती. झावळ्यांच्या रविवारी, तेरा एप्रिलला, आमच्याकडे या. बायका रोज विचारतात, ती पत्रवाली बहीण कधी येणार? नाही आलात तरी मी समजून घेईन. पण या.

शेवंता


जळगाव,
१५ एप्रिल २०२५

प्रिय विहीणबाई,

घरी नीट पोचले. घसा अजून दुखतोय, एवढ्या मोठ्याने मी जन्मात गायले नव्हते. आमच्याकडे एका गाण्याला चार कडवी असतात आणि ती संपतात. तुमच्याकडे ती संपतच नाहीत.

आत आले तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्या पोतीवर जातील म्हणून मी पदर घट्ट ओढून बसले होते. नजर कोणाचीच गेली नाही. एका बाईने मांडीवर मूल आणून ठेवलं, दुसरीने पाण्याचा ग्लास दिला. नवरा काय करतो, कधी गेला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं की हे दोन प्रश्न कोणीही विचारले नाहीत. जाताना झुलालच्या आईने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मला तिची बोली कळत नाही, तिला माझी.

बसमध्ये विचार केला. रिबेकाच्या गळ्यात पोत बांधायची नाही. पास्टर वना आणि तुमच्या बायका लग्नाला आल्या पाहिजेत. रिबेकाला सांगितलं तर ती म्हणाली, “बरं,” आणि मग गळ्यात पडून रडली. एक सांगते, मीही त्या दिवशी पोत काढून ठेवणार आहे. तुमच्या बायकांसारखी मोकळ्या गळ्याने येईन. आता मला भीती वाटत नाही.

तुमची,
ज्योत्स्ना


धुळे,
२१ एप्रिल २०२५

विहीणबाई,

पुनरुत्थानाच्या सणाच्या शुभेच्छा. आणि आता ऐका.

पोत काढायची नाही. खबरदार!

धुळ्यात माझ्या मोकळ्या गळ्याचा अर्थ एक होतो, जळगावात तुमच्या मोकळ्या गळ्याचा दुसरा होईल. तुमच्या नातेवाइकांना मंडळी माहीत नाही आणि पेत्रही माहीत नाही. ते एवढंच बघतील की जी पोत तिसऱ्या दिवशी निघाली नाही ती शेवटी मुलीच्या लग्नात निघाली. आणि ती कोणामुळे? आमच्यामुळे. तुमच्या नणंदेचं राहिलेलं काम मी पुरं करू का?

रविवारी हे मी संगतीत मांडलं. (तुमचं पत्र वाचलं नाही. आपल्या शब्दांत सांगितलं, नाव न घेता. ती कोण हे सगळ्यांना कळलं, त्याला माझा इलाज नाही.) बायका म्हणाल्या, तिने घालूनच यायचं. पास्टर वना जरा अडले. म्हणाले, “वचन एकच आहे, एकीला काढा आणि एकीला घाला कसं सांगायचं?” मी म्हटलं, पेत्राने बायकांना ओझं उतरवायला सांगितलं असेल तर प्रत्येकीच्या खांद्यावर काय आहे ते आधी बघायला नको का? ते म्हणाले, विचार करतो. म्हणजे येतील.

तुम्ही पुढच्या खुर्चीत माझ्या शेजारी बसायचं. पोत घालून. पदर ओढून नाही.

शेवंता


जळगाव,
१४ मे २०२५

प्रिय विहीणबाई,

मुलं गेली आणि घर एकदम मोठं झालं. उरलेले लाडू बघून रडू येतं, म्हणून लिहायला बसले.

पोत घालून तुमच्या शेजारी बसलेली मी साखरेच्या वेळी उठून मागे गेले, पण तुम्ही पुढेच होतात, त्यामुळे मागे काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नाही. आमच्याकडे उपासना झाली की पाच सवाशिणी नवरीच्या तोंडात साखर घालतात. माझ्या जावेने ठरवलं, तीन आपल्याकडच्या, दोन धुळ्याच्या. ती तुमच्या बायकांपाशी गेली आणि सवयीने त्यांचे गळे बघायला लागली. काहीच कळेना! शेवटी तिने मोठ्याने विचारलं, “यातल्या सवाशिणी कोण?” तुमच्या बायकांना वाटलं, साखर कोण घालणार असं विचारतेय. सगळ्याच उठल्या. सर्वांत पुढे झुलालची आई. जावेच्या हातातून वाटी गेली ती परत आलीच नाही. रिबेकाच्या तोंडात इतकी साखर गेली की पास्टर वना लांबच लांब प्रार्थना करत होते तेव्हा ती आमेनसुद्धा म्हणू शकत नव्हती.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

माझी नणंद लताबाई तुम्हाला मी दाखवली नव्हती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने सगळं काढलं, कोणाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून लग्नात ती अगदी मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसते. तशीच लग्नाच्या दिवशीही बसली होती. तुमच्या बायका आल्या, तिचा मोकळा गळा पाहिला आणि त्यांना वाटलं ही आपल्यातलीच! दोघींनी हाताला धरून तिला पुढे नेलं. ती नको नको म्हणत होती, पण त्यांना तिची भाषा कुठे कळते? साखरेच्या रांगेत तिला मध्ये उभं केलं. मी पाहिलं. रिबेकाच्या तोंडाशी तिचा हात गेला. माझी जाऊ काहीतरी बोलायला पुढे झाली. मी तिला हाताने थांबवलं आणि लताबाईंच्या मागे जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. भांडी आवरत होते, तिने माझ्या हातातून भांडं घेतलं आणि पुसायला लागली. मग म्हणाली, “वहिनी, त्या धुयाना बायासमां तठे कोनी काही इचारत नही का वं?”

मी म्हटलं, नाही. धुळ्याच्या बायकांत कोणी काही विचारत नाही.

ती परत भांडं पुसायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मंग रविवारनी धुयानी गाडी एरंडोलले कव्हय येस?”

मी एरंडोलला येणाऱ्या धुळे गाडीची वेळ सांगितली. ती येणार आहे विहीणबाई, या रविवारी. तिला घ्यायला स्टँडवर कोणालातरी पाठवा.

तुमची,
ज्योत्स्ना